अठरा वर्षांखालचे सासरे

मी माझ्या सासऱ्यांना अठरा वर्षांखालचे ठरवून दुकानातून बाहेर काढलं. त्या वेळी त्यांचं वय एकाहत्तर होतं.

हे मी कुणाला सांगितलं की तो पहिला प्रश्न एकच विचारतो, "घेऊन होता का, राव?" नव्हतो. पूर्ण शुद्धीत होतो. फक्त घाबरलेलो होतो. आता काही माणसं घाबरली की गप्प बसतात, काही पळतात. माझं तसं नाही. मी घाबरलो की माझं डोकं बंद पडतं आणि हात-तोंड चालूच राहतं. (दुकानातल्या तीन नंबरच्या कॉम्प्युटरचंही तसंच होतं. पडदा काळा, पंखा चालू.)

दुकान म्हणजे माझं 'विघ्नहर नेट कॅफे'. नारायणगावात, शांतिलालशेठच्या किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर. चार कॉम्प्युटर, प्लायवूडची चार खोपटी आणि प्रत्येक खोपट्याला पडदा. पडदे माझ्या बायकोनं, सुनंदानं, आमच्या लग्नात आलेल्या चादरींचे शिवले होते. त्यांच्यावर मोर होते. तेव्हा सगळ्याच कॅफेंत पडदे असायचे. कशाला असायचे, हे गिऱ्हाईकाला ठाऊक होतं, मालकाला ठाऊक होतं, आणि दोघंही एकमेकांना सांगत की स्क्रीनवर उजेड पडतो म्हणून.

हे दुकान आमच्या घरात कुणालाच मान्य नव्हतं. थोरला भाऊ टोमॅटो करायचा, आणि मीही टोमॅटो करावा असं अख्ख्या घराचं मत होतं. दुकानाच्या उद्घाटनाला वडिलांनी नारळ फोडला आणि आशीर्वाद दिला, "बंद पडलं की सुतळी घिऊन शेतात ये. झाडं बांधायची हायेत." तेव्हापासून मी दुकानात बसायचो तरी डोळ्यांपुढं सुतळीचा बंडल असायचा. दुकान टिकलं तर मी 'नेटवाले दिनकरराव', नाही तर वाकून वाकून टोमॅटो बांधणारा दिनू.

पहिली भीती बसली ती एका ज्वालामुखीमुळं. सातवीतली एक मुलगी वडिलांबरोबर आली. शाळेत तिला ज्वालामुखीचा तक्ता करायचा होता. वडील म्हणाले, "मालक, जरा दावा तिला. मी खालून साखर आणतो." मी तिला एक नंबरला बसवलं, ज्वालामुखीची चित्रं काढून दिली आणि दाराशी आलो. दोन मिनिटांत आतून आवाज आला.

"काका, हे विचारतंय, तू अठरा वर्षांची आहेस का. हो म्हणू?"

मी पडदा ओढला. (मोराची मान फाटली.) स्क्रीनवर ज्वालामुखी कुठंच नव्हता. कुठून कुठून आपोआप उघडलेलं एक लाल-काळं पान होतं, त्यावर इंग्रजीत तो प्रश्न, खाली दोन चौकोन, 'हो' आणि 'नाही'. आणि त्या पोरीचं बोट माउसवर! पानाच्या पलीकडं काय असणार हे कळायला मला इंग्रजी यायची गरज नव्हती. त्या पोरीच्या आणि त्या घाणीच्या मध्ये फक्त एक प्रश्न उभा होता, आणि उत्तर तिनंच द्यायचं होतं!

माउस काढून घ्यावा, पान बंद करावं, असलं काही सुचलं नाही. मी धावत जाऊन मेन स्विच ओढला. दुकान बंद, जिना बंद, आणि खाली शांतिलालशेठचा फ्रीजही बंद. मुलीला म्हटलं, "लाइट गेली, बाळा." ती खिडकीतून समोरच्या दुकानातला लखलखीत बोर्ड बघत म्हणाली, "तिथं तर आहे." शेठ जिन्यातून ओरडत वर आले, "दिनकरभाऊ, आइस्क्रीमचं पाणी झालं!" मी मात्र स्विच दोन्ही हातांनी धरून उभा. सोडला तर तो प्रश्न परत येईल असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात कुणी नसताना मी ते पान मुद्दाम उघडलं. हेतू शुद्ध होता. हा प्रश्न नेमकी काय तपासणी करतो ते मालक म्हणून मला बघायचं होतं. पान आलं. 'तुम्ही अठरा वर्षांचे आहात का?' माझं वय चौतीस. जिन्यात पाऊल वाजल्यासारखं वाटलं, आणि मी 'नाही' दाबलं.

यंत्रानं माझ्यावर विश्वास ठेवला. पान मिटलं. एक चौतीस वर्षांचा माणूस तेवढा त्या पानापासून सुरक्षित राहिला.

त्यानंतर महिन्याभरात मंचरला एका कॅफेवर पोलिसांची धाड पडली. पडद्याआड शाळेची पोरं सापडली, दप्तरासकट. मालकाला दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं, पोरांच्या बापांना बोलावलं, आणि त्यातल्या एका बापानं म्हणे मालकाला सगळ्यांदेखत चपलेनं मारलं. ही बातमी आमच्याकडं पोचेपर्यंत चपलांची संख्या वाढत गेली. मग आम्हा सगळ्या कॅफेवाल्यांना फौजदारांनी ठाण्यात बोलावलं.

फौजदार नवीन बदलून आलेले होते. आवाज चढवायचे नाहीत, त्यामुळं जास्तच भीती वाटायची. म्हणाले, "पडदे कशाला लागतात हो तुम्हाला? बाळंतिणीची खोली आहे का?"

कुणीतरी म्हणालं, "साहेब, उजेड पडतो स्क्रीनवर."

"मग पडू द्या उजेड. उजेडच पाडायचाय."

हुकूम निघाला. पडदे काढायचे. रजिस्टर ठेवायचं. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव, जन्मतारीख, आणि पुराव्याची झेरॉक्स. अठराच्या खालचा असेल तर पालक बरोबर पाहिजेत. पुरावा नसेल तर अठराच्या खालचा धरायचा. "येत्या पंधरवड्यात मी कधीही येईन," फौजदार म्हणाले. "रजिस्टर चोख असेल त्याला परवानगीचं पत्र. नसेल त्याची मशीन जप्त आणि दुकानाला कुलूप. विषय पोरांचा आहे. मी कुणाचं ऐकणार नाही."

मी तडक घरी आलो. सुनंदाला म्हटलं, "पडदे उतरव."

"उतरवते. एवढं घाबरताय कशाला? चांगलंच सांगितलंय की त्यांनी."

"रजिस्टर चोख पाहिजे म्हणालेत!"

"मग ठेवा चोख."

बायकांना असं सोपं वाटतं. मी ओझरच्या गणपतीला पाच नारळ बोललो आणि रजिस्टर आणलं.

आठ दिवस मी इतका चोख वागलो की गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. दाखला नाही त्याला जिन्यावरनंच परत. हायवेवरचे हॉटेलवाले आले, शिक्षक आले, टोमॅटोचे भाव बघायला म्हातारे शेतकरी आले, सगळ्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या झेरॉक्स घेतल्या आणि त्या पानामागं पिन मारून लावल्या. नवव्या दिवशी मी ते रजिस्टर फौजदारांच्या नजरेनं वाचायला बसलो.

बबन शिंगोटे, गाव आणे. जन्मतारीख एक जून.

बाळू दाते, आणे. एक जून.

नामदेव आहेर, आणे. एक जून. गणपत, एक जून. ज्ञानेश्वर, एक जून. पान उलटलं. एक जून, एक जून, एक जून! मधेच एक तीन मार्च होता, तो मुलगा पुण्याचा निघाला.

आमच्याकडच्या माणसाला यात काही नवल नाही. पूर्वी पोराला शाळेत घालायला आणलं की गुरुजी विचारायचे, "जन्मतारीख?" आई म्हणायची, "बाजरी काढायला आली व्हती बघा." बाप म्हणायचा, "न्हाई, त्याच्या आदल्या साली." मग गुरुजी अंदाजानं वर्ष धरायचे आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून लिहून टाकायचे, एक जून. त्यामुळं आमच्याकडं अख्खी पिढी एकाच दिवशी जन्मली आहे. (कचेरीत एकाच दिवशी सगळे निवृत्त होतात तेव्हा हार कमी पडतात.)

पण फौजदार नवीन! त्यांना काय वाटेल? त्यांना वाटेल, ह्या माणसानं दाखले बघितलेच नाहीत, घरी बसून एकच तारीख छापलीय! मशीन जप्त, दुकानाला कुलूप, आणि बापांच्या चपला! मला चपलांचा आवाजही यायला लागला.

आणि इथं मी तो उद्योग केला, ज्याला आजही आमच्या घरात 'दिनकररावांचा उद्योग' म्हणतात. मी नवीन रजिस्टर आणलं, भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं, आणि रजिस्टर खरं दिसावं म्हणून सगळ्यांच्या जन्मतारखा बदलल्या.

मन लावून बदलल्या. बबनला दिली चौदा ऑगस्ट. बाळू जरा चिडका, त्याला शिमग्याच्या आसपासची दिली. नामदेव भजनी, त्याला आषाढातली. काही जण थंडीत, काही उन्हाळ्यात, अशी सगळीकडं सारखी पेरणी केली. दोन तास मी ब्रह्मदेवाचं काम केलं. जुन्या रजिस्टरातल्या झेरॉक्स काढल्या आणि नव्या पानांच्या मागं नीट लावल्या.

होय. झेरॉक्स लावल्या. एक जूनच्या. सांगितलं ना, डोकं बंद पडतं आणि हात चालू राहतात.

फौजदार आले ते नेमके दहावीच्या निकालाच्या दिवशी.

त्या दिवसांत निकाल नेटवर लागायला लागला होता. दुपारी एकला लागणार म्हणून अकरापासून जिना पोरापोरींनी भरला. सगळी पंधरा-सोळाची! एकजात अठराच्या खालची! मी वर दारात आडवा उभा. अंगात लग्नातला सफारी, कारण साहेब आले तर आपण व्यवस्थित दिसावं. सफारी अकरा वर्षांपूर्वीचा, मी आताचा, त्यामुळं काखेत इतका घट्ट होता की हात खांद्याच्या वर जात नव्हते. मी ओरडत होतो, "पालकांना आणा! पालक आणि पालकांचा दाखला!"

"काका, नुसता नंबर टाकायचाय!"

"नियम आहे!"

एक वाजून गेला, आणि एवढ्यात जिन्यातली पोरं गपकन दोन्हीकडं झाली आणि मधून फौजदार वर आले. बरोबर एक हवालदार. साहेबांनी दुकानात नजर फिरवली, पडदे नाहीत हे बघितलं, मान हलवली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. "चालू द्या तुमचं. मी इथं आहे असं समजूच नका."

दोन हात अंतरावर फौजदार बसलेला असताना तो नाही असं समजायला माणूस फार धाडसी पाहिजे. मी तोंडातल्या तोंडात गणपतीचे नारळ पाचाचे अकरा केले. आणि तेवढ्यात जिन्यातून काठीचा आवाज आला. ठक, ठक, ठक.

ते माझे सासरे होते.

गुरुजी. अख्खं आण्याचं पठार त्यांना गुरुजीच म्हणतं, मीही म्हणतो. चाळीस वर्षं शाळा, त्यातली निम्मी मुख्याध्यापक म्हणून. सकाळच्या एसटीनं आळेफाटा करून आले होते. धोतर, काळी टोपी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात चिठ्ठी.

"जावईबापू, हा आपल्या वैशालीचा नंबर." वैशाली म्हणजे सुनंदाच्या भावाची मुलगी, गुरुजींची लाडकी नात. "पोरगी सकाळपास्नं जेवली न्हाई. बघा बरं पटकन."

मी रीतीप्रमाणं पाया पडायला वाकलो. अर्ध्यात माझी नजर स्टुलाकडं गेली. साहेब माझ्याकडंच बघत होते. मी तसाच अर्धा वाकलेला राहिलो आणि माझ्या तोंडातून आलं,

"गुरुजी, वयाचा दाखला आणलाय का?"

"कुणाचा? वैशालीचा?"

"तुमचा."

गुरुजींनी चष्मा वर केला. "माझा?"

"नियम आहे."

"जावईबापू, माझ्या तोंडात दात न्हाईत."

"दात पुरावा धरत नाहीत, गुरुजी. झेरॉक्स लागते."

जिन्यातली पोरं खिदळायला लागली. गुरुजींचे कान लाल झाले. (चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे कान लाल केले होते.) ते हळू आवाजात म्हणाले, "ह्या पठारावरच्या हजार माणसांचे दाखले मी ह्या हातानं लिहिलेत. माझा दाखला आण्याला पेटीत हाय."

"मग पुरावा नाही त्याला अठराच्या खालचा धरायचा आहे," माझं तोंड बोलत होतं, मी लांबून ऐकत होतो. "अठराच्या खालच्यांनी पालकांना घेऊन यायचं आहे."

गुरुजींनी काठी उचलली. मग म्हणाले, "माझे वडील जाऊन तीस वर्षं झाली." आणि वळून ठक, ठक, ठक खाली निघाले.

खालून सुनंदा माझा डबा घेऊन येत होती. मला दोघांचंही बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"अहो आण्णा! कधी आलात? आणि निघालात कुठं?"

"पालक आणायला."

पुढचं काय सांगू? सुनंदा वर आली ती वडिलांचा हात धरूनच. डबा तिनं टेबलावर ठेवला नाही, आपटला. "तुम्ही माझ्या आण्णांना बाहेर काढलंत? अठराच्या खालचे म्हणून?"

मी डोळ्यांनीच स्टुलाकडं खूण केली. तिनं फौजदारांना नमस्कार केला, वडिलांना माझ्या खुर्चीवर बसवलं, आणि जिन्यातल्या पोरांना म्हणाली, "कुणीही आत यायचं नाही. चिठ्ठ्यांवर नाव आणि नंबर लिहून द्या. मी बघून सांगते." आणि बसली एक नंबरला.

इतका वेळ हे मला का सुचलं नाही, असा प्रश्न फौजदारांच्या चेहऱ्यावर उमटला. ते उठून म्हणाले, "रजिस्टर."

मी दिलं. साहेब शांतपणे वाचत होते. एक पान. दुसरं पान. मला वाटलं, निभावलं! तारखा कशा छान दिसतायत, एकीसारखी दुसरी नाही! तेवढ्यात त्यांचं बोट थांबलं.

"हे गणपतराव. जन्म एकतीस नोव्हेंबर?"

कॅलेंडर मांडीवर असताना मी ही तारीख कुठून काढली, ते आजतागायत मला कळलेलं नाही.

"नोव्हेंबरला तीसच दिवस असतात," हवालदार उगाचच म्हणाला.

"हे गणपत कुठले?" साहेबांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत खुर्चीतून आवाज आला, "आण्याचा. माझा विद्यार्थी. एक जून."

साहेबांनी मान वळवली. "आणि हे बबन शिंगोटे? चौदा ऑगस्ट?"

"छ्या! एक जून."

"बाळू दाते?"

"एक जून."

"नामदेव आहेर?"

"एक जून. मीच लिहिलीय. चौदा ऑगस्ट, एकतीस नोव्हेंबर, हे कुणी लिहिलं?"

माझे सासरे, ज्यांना मी दहा मिनिटांपूर्वी बाहेर काढलं होतं, ते आता माझ्याविरुद्ध साक्ष देत होते! आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं. कुणीतरी आपल्या विद्यार्थ्यांच्या दाखल्यांत खाडाखोड केली, एवढाच त्यांना राग आला होता. साहेबांनी पान उलटलं. मागं झेरॉक्स. एक जून. दुसरं उलटलं. एक जून. प्रत्येक पानाच्या पुढं माझा गुन्हा आणि मागं त्याचा पुरावा, मीच पिन मारून लावलेला!

"खोटं रजिस्टर," साहेब म्हणाले. आवाज अजूनही चढला नव्हता. "दिनकरराव, हा प्रकार काय आहे?"

तीन नंबरच्या कॉम्प्युटरकडं बघितलं, तर तिथं सुतळीचा बंडल दिसला. मी सगळं बडबडायला लागलो. "साहेब, खऱ्या तारखा खोट्या दिसत होत्या हो! म्हणून खऱ्या दिसाव्यात म्हणून खोट्या लिहिल्या! पोरांना मी कधी आत घेतलं नाही, साहेब! ज्वालामुखीच्या वेळी मेन स्विच काढला, शेठना विचारा! मला पोरांची काळजी आहे! ते पान नुसतं विचारतं हो, अठराचे आहात का, आणि हो म्हटलं की सोडतं आत! मी स्वतः बघितलंय!"

सुनंदाचे हात कीबोर्डवर थांबले.

"स्वतः बघितलंय?" साहेब म्हणाले.

"कधी?" सुनंदा म्हणाली.

"तपासायला! मालक म्हणून! आणि मी 'नाही' दाबलं!" मी ओरडलो. जिन्यातली पोरं पुढं सरकली.

"वय किती तुमचं?" साहेबांनी विचारलं.

"चौतीस."

हवालदार भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी काठी टेकली आणि विचारलं, "थांबा. यंत्र विचारतं, तू मोठा आहेस का. पोरगं म्हणतं हो. आणि यंत्र सोडतं?"

"हो, गुरुजी."

"शाळेत मी विचारायचो, गृहपाठ केलाय का. सगळी म्हणायची हो. मी तसंच सोडलं असतं, तर पठारावर एक पोरगं वाचायला शिकलं नसतं. वही उघडून बघावी लागते, साहेब. आणि पोराच्या तोंडाकडं."

साहेब स्टुलावर परत बसले. आता ते गुरुजींशीच बोलत होते. "पण गुरुजी, तुम्ही तरी काय केलंत? सगळ्यांना एक जून?"

"तारीख अंदाजानं लिहिली, पण वय बघून घेतलं. पोराला सांगायचं, उजवा हात डोक्यावरनं पलीकडं ने आणि डावा कान धर. कानाला बोट लागलं की सहा वर्षांचा, बसव पहिलीत. न्हाई लागलं की घेऊन जा घरी, म्हणावं, पुढच्या वर्षी या. कागद न्हाई, झेरॉक्स न्हाई."

साहेब पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "मलाही असंच धरायला लावलं होतं आमच्या गुरुजींनी. माझीही एक जूनच आहे."

"माझी पण," हवालदार भिंतीकडं बघतच म्हणाला.

मी रडायच्या बेतात होतो. म्हणजे एक जून बघून ह्या माणसाला तिळमात्र संशय आला नसता! जुनं रजिस्टर जसंच्या तसं ठेवलं असतं, तर एव्हाना पत्र माझ्या हातात असतं!

"वैशाली पास!" सुनंदा मधेच ओरडली. "आण्णा, पहिला वर्ग!" गुरुजींनी टोपी काढून डोळ्यांना लावली. जिन्यातली पोरं "आमचा बघा, आमचा बघा" म्हणायला लागली. सुनंदा एकेक चिठ्ठी घेत होती, निकाल सांगत होती, आणि मधेच मान वर करून "ए, तू मागं हो" असं दटावत होती. एवढ्या गर्दीत एक पोरगं उंबऱ्याच्या आत आलं नाही.

फौजदारांनी परवानगीचं पत्र खिशातून काढलं, रजिस्टरवर ठेवलं, आणि पेनाचं टोपण उघडून थांबले. पत्र म्हणजे दुकान. पत्र नाही तर सोमवारपासून टोमॅटो.

"गुरुजी," ते म्हणाले, "खोटं रजिस्टर आहे, कुलूपच लावायला पाहिजे. पण माणूस लबाड वाटत नाही, भित्रा वाटतो. तुम्ही ओळखता त्याला. पोरांच्या बाबतीत ह्याच्यावर दुकान सोपवावं का? तुम्ही सांगाल तसं."

अर्धा तास मागं जाऊन गुरुजींचे पाय धरायची सोय असती, तर मी अकराचे एकवीस नारळ केले असते. गुरुजींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. पहिलीच्या वर्गाच्या दारात नवीन पोरगं न्याहाळावं तसं.

"जावईबापू, उजवा हात डोक्यावरनं न्या. डावा कान धरा बघू."

"गुरुजी, एवढ्या लोकांत..."

"धरा."

मी हात उचलला. सफारी काखेत कडकन आवळला. जोर लावला. हात कसाबसा टाळूपर्यंत गेला आणि तिथं थरथरत थांबला. मी मान वाकडी केली, कान वर आणायचा प्रयत्न केला, डोळे फिरवले. पोरं मोजायला लागली, "एक, दोन, तीन!" शिवण उसवल्याचा आवाज आला, पण कान काही आला नाही.

गुरुजींनी मान हलवली आणि फौजदारांकडं वळून म्हणाले,

"दुकान चालू द्या, साहेब. दाराशी मी बसतो. पण पत्रावर नाव माझ्या लेकीचं घाला. हे अजून पहिलीत घालायच्या वयाचे न्हाईत."